फ्रीकॅड १.०: एका फ्लँजवर घेतलेली परीक्षा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत ड्राफ्ट्समन म्हणून लागायचं तर घरी रोज हात बसवायला हवा, आणि महागडं लायसन्स विद्यार्थ्याला झेपत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेलं फ्रीकॅड १.० हे संगणकावर यंत्रभागांचं मॉडेल आणि ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर ही गरज छान भागवतं. ते मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, आणि असेंब्लीसाठी (सुटे भाग जोडून पाहायला) आता वेगळं अ‍ॅडऑन टाकावं लागत नाही.

पारखायला ५० एनबी (पाइपाचं नाममात्र माप), पीएन १६ (दाबाचा वर्ग) ची फ्लँज, म्हणजे पाइप बोल्टने जोडायची गोल चकती, घ्या: बाहेरचा व्यास १६५ मिमी, पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १२५ मिमी, १८ मिमीची ४ भोकं. मापं आधी स्प्रेडशीट वर्कबेंचमध्ये (फ्रीकॅडमधल्या तक्त्याच्या विभागात) लिहा, प्रत्येक खान्याला एलियस (स्वतःचं नाव) द्या आणि स्केचमध्ये, म्हणजे सपाट रेखाकृतीत, आकड्याच्या जागी तेच नाव घाला. बाहेरचं वर्तुळ पॅड करा (जाडी द्या), पाइपाप्रमाणे बोअर, म्हणजे मधलं भोक, पॉकेट करा (कोरा), एकच भोक काढून बाकीची पोलर पॅटर्नने (गोलाकार नकलेने) आणा. मग व्यास २००, पीसीडी १६०, भोकं ८ करा आणि बोअर बदला. तीच फ्लँज ८० एनबीची झाली पाहिजे.

बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. फ्लँजची भोकं मध्यरेषेवर येत नाहीत, तिच्या दोन्ही बाजूंना सारखी बसतात. चार भोकांना पहिलं ४५ अंशांवर, आठांना २२.५वर. स्केचमध्ये ४५ हा आकडाच टाकला असेल तर आठ करताक्षणी भोकं थेट मध्यरेषेवर येतात. सॉफ्टवेअर कसलीही एरर देत नाही, आणि साइटवर व्हॉल्व्ह फिरलेला बसतो. म्हणून कोनाला १८० भागिले भोकांची संख्या हे सूत्र द्या. ही सवय लागली की दुसरं कुठलंही पॅरामेट्रिक (माप बदललं की आकार बदलणारं) पॅकेज परकं वाटत नाही. शिकवणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात हे करून घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे.

स्केच मापं आणि अटींनी पूर्ण बांधलं गेलं की हिरवं होतं. पण ब्लॉक कन्स्ट्रेंट (रेषा जागीच गोठवणारी अट) लावून हिरवं केलेलं स्केच मापं बदलताना अडून बसतं.

जुन्या आवृत्तीत खालचं स्केच बदललं की फिलेट (कडेला दिलेली गोलाई) भलत्याच कडेवर उडी मारायचा. ते आता बरंच आटोक्यात आलं आहे, पूर्ण गेलेलं नाही. तेव्हा स्केच शक्यतो मूळ प्लेनवर ठेवा, फिलेट सगळ्यात शेवटी.

खरी उणीव डीडब्ल्यूजीची, म्हणजे ऑटोकॅडच्या फाइलींची. ती फाइल उघडायला वेगळा कन्व्हर्टर बसवावा लागतो, म्हणून पार्टीकडून (ग्राहकाकडून) डीएक्सएफ किंवा स्टेप प्रकारची फाइल मागून घ्या. डीएक्सएफ उघडल्यावर एक ओळखीचं माप मोजा. ते २५.४ पटीने चुकलेलं दिसलं तर इंच-मिमीचा घोळ आहे.

टेकड्रॉमध्ये (फ्रीकॅडच्या ड्रॉइंग काढायच्या विभागात) फर्स्ट अँगल ही दृश्यं मांडायची पद्धत निवडली आहे ना, हे टायटल ब्लॉकमधल्या (ड्रॉइंगच्या माहिती-चौकटीतल्या) चिन्हाशी ताडून पाहा. मॉडेल बदलल्यावर ड्रॉइंगमधली काही मापं जागा सोडतात, म्हणून पीडीएफ काढण्याआधी प्रत्येक माप एकदा पुन्हा तपासा.