सात महिने, ३८ मुलं आणि एक ‘ऱ्या’: व्हिडिओ ॲपचा वर्गातला अनुभव

जूनमध्ये स्वतःच्या खिशातून १,२०० रुपये भरून मी या ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं. फुकटच्या आवृत्तीत व्हिडिओच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का येतो, आणि मुलांच्या चित्रांवर तो मला नको होता. नाव लिहीत नाही. फोटो, आवाज आणि सबटायटल जोडणारी ही ॲप्स सगळ्यांना माहीत आहेत.

माझा सहावीचा वर्ग, नाशिकमधल्या सातपूरला. मुलं मराठीत शिकतात, पण घरी कुणी अहिराणी बोलतं, कुणी पेठ-सुरगाण्याकडची कोकणा, कुणी भोजपुरी, दोघं उर्दू. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमध्ये २०१२ साली शाळकरी मुलांच्या बहुभाषिक डिजिटल गोष्टींचा प्रकल्प सुरू झाला, त्याबद्दल वाचलं आणि ठरवलं: प्रत्येकाने घरच्या भाषेत तीन मिनिटांची गोष्ट सांगायची, चित्रं स्वतः काढायची, खाली मराठी सबटायटल.

आवाजाच्या बाबतीत ॲपबद्दल तक्रार नाही. मागे कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, सगळं बोटाने कापता येतं आणि मुलं ते एका तासात शिकली. एकाने आजोबांकडून गोदेच्या पुराची गोष्ट रेकॉर्ड करून आणली. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं, हे सांगताना आजोबांचा आवाज जिथे खाली येतो, ती जागा त्याने बरोबर राखली.

भांडण सुरू झालं ते एका अक्षरावरून. त्र्यंबककडच्या एका मुलाच्या गोष्टीचं नाव होतं ‘ब्रह्मगिरीच्या दऱ्या’. व्हिडिओ तयार होऊन आला तो ‘ब्रह्मगिरीच्या दर्या’ म्हणून. वर्ग हसला. तो मात्र पडद्याकडे बघत म्हणाला, “बाई, डोंगराचा समुद्र झाला.” पुढे ‘दुसऱ्या’, ‘खोऱ्यात’, ‘म्हाताऱ्याने’, सगळीकडे तेच. मराठीत दोन वाक्यं लिहिली की ‘ऱ्या’ येतोच. तो टाळून गोष्ट कशी सांगायची?

ग्राहक सेवेला तीन मेल केले. पहिलं उत्तर: फोन बंद करून चालू करा. दुसरं: ॲप अपडेट करा. तिसरं: हिंदी फॉण्ट निवडा. त्या तिसऱ्या मेलनंतर मी दोन दिवस चिडलेली होते. हिंदीला हा ‘ऱ्या’ लागत नाही, आम्हाला लागतो.

मग माझं मत थोडं बदलावं लागलं. निम्मी चूक आमची निघाली. मुलं साधा र, हलन्त आणि य टाइप करत होती, त्याचा ‘र्य’च होणार. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक-फोन जी अक्षरांची प्रमाण यादी वापरतात तिच्यात, ऱ हे वेगळं अक्षर आहे. आमच्या फोनच्या कीबोर्डवर र दाबून धरला की ते मिळतं, संगणकावर इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट आणि जे. हे मला अठरा वर्षं शिकवूनही माहीत नव्हतं. वर्गात फळ्यावर लिहून सराव घेतला.

उरलेली निम्मी चूक ॲपचीच. आता एडिट करताना ‘दऱ्या’ बरोबर दिसायचं, पण व्हिडिओ सेव्ह केला की र खाली टिंब, पाय मोडलेला आणि य बाजूला तुटून पडलेला. मी सगळे फॉण्ट एकेक करून तपासले, दोन रात्री गेल्या. ‘ऱ्या’ नीट उमटवणारा एकच साधा फॉण्ट सापडला, आणि तो फुकटच्या आवृत्तीतही आहे. पैसे भरून मिळालेले सगळे नक्षीदार फॉण्ट मराठीसाठी वाया. याचा राग अजून गेलेला नाही.

दिवाळीनंतर उर्दूची गोष्ट आली, उर्दू लिपीतल्या ओळींसकट, आणि तो साधा फॉण्टही हरला. अक्षरं सुटी झाली, उलटी लागली. तो मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कार्डशीटच्या पट्टीवर काळ्या स्केचपेनने ओळी लिहून आला. उजवीकडून डावीकडे, नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, शेवटी एकेक करून दिलेले. पट्टीचा फोटो काढून आम्ही चित्राखाली बसवला. स्वच्छ, सुंदर दिसला.

ते पाहून एका मुलीने तिची अहिराणी गोष्ट परत मागितली. तिने ‘मनी मायना डोया’ लिहिलं होतं, कीबोर्डने त्याचा ‘डोळा’ केला होता. (हा दोष ॲपचा नाही, ऑटोकरेक्ट बंद करता येतं.) अहिराणीत ळ चा य होतो, काळा तो काया. “आमच्या घरी डोळा कुणी म्हणत नाही बाई,” म्हणत तिने पट्टी नव्याने लिहिली, वर अहिराणी, खाली मराठी. मग सगळ्यांनाच पट्ट्या हव्या झाल्या. दऱ्यावाल्याने तर ‘ऱ्या’ची ती चंद्रकोर लाल रंगाने काढली.

आता ३१ गोष्टी पूर्ण आहेत, सात बाकी. आवाजासाठी ॲप वापरतेच आहे. कुणी शाळेसाठी घेणार असेल तर आधी फुकटच्या आवृत्तीत ‘दुसऱ्या’ लिहून व्हिडिओ सेव्ह करून बघा, मगच पैशाचा विचार करा. मी ऑटो-पे काल बंद केलं. शिक्का कोपऱ्यात येतो, तिथे आम्ही पट्टीचं टोक आणणार आहोत. पुढच्या वर्षीच्या १,२०० रुपयांत कार्डशीट आणि स्केचपेन येतील.