संग्रह तयार आहे, पण द्यायचा कुणाकडे?

गेल्या वर्षभरात चार जणांनी मला हाच प्रश्न विचारला. चौघांच्याही वह्या भरल्या आहेत, दोन-तीन दिवाळी अंकांत कविता किंवा कथा छापून आल्या आहेत, आणि "आता पुस्तक काढच" म्हणून मित्रमंडळी मागे लागली आहेत. वाटा तीन: नाव असलेली मोठी प्रकाशनसंस्था, वर्षाला पाच-सहाच पुस्तकं काढणारा छोटा साहित्यिक प्रकाशक, नाहीतर स्वखर्चाने छापणं. माझी स्वतःची दोन पुस्तकं निघाली. पहिलं पैसे भरून, दुसरं एका छोट्या प्रकाशकाकडून. मोठ्या संस्थांची मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, तपासण्याचं काम बरीच वर्षं करते, त्यामुळे तिथला कारभारही जवळून पाहिला आहे. कविता आणि कथेसाठी माझा कल छोट्या प्रकाशकाकडे आहे हे आधीच सांगते. पण त्याला एक अट आहे, आणि ती अट पाळणारे छोटे प्रकाशक वाटतात तितके जास्त नाहीत.

छापण्याआधी कोण वाचणार?

सगळ्यात आधी हे विचारा. मुखपृष्ठ कोण करणार, प्रकाशनाला पाहुणे कोण येणार, हे सगळं नंतरचं.

मोठ्या संस्थेत हस्तलिखित आधी परीक्षकाकडे जातं. उत्तर यायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. कवितासंग्रह असेल तर बऱ्याच ठिकाणी पहिल्याच फोनवर "कविता सध्या घेत नाही" असं ऐकायला मिळतं. यात दुष्टावा नाही. माणसांचे पगार, गोदामाचं भाडं आणि दुकानांची उधारी सांभाळणाऱ्या संस्थेला तीनशे प्रती चार वर्षांत खपणारं पुस्तक परवडत नाही. मात्र एकदा स्वीकारलं की तिथे शुद्धलेखन, मांडणी, मुद्रितांची दोन-तीन वाचनं हे सगळं शिस्तीत होतं. ती शिस्त मी पाहिली आहे आणि तिची किंमत मला कळते.

छोट्या प्रकाशकाकडे परीक्षक नसतो, तो स्वतःच वाचतो. माझ्या दुसऱ्या संग्रहाच्या वेळी प्रकाशकांनी मला दोन दुपारी समोर बसवलं. मी बासष्ट कविता नेल्या होत्या. त्यांनी सगळे कागद टेबलावर पसरले आणि एकेक मला मोठ्याने वाचायला लावली. जिथे मी अडखळले तिथे समासात पेन्सिलीचं बारीकसं टिंब पडायचं. आईवरच्या तीन कविता होत्या. त्यातली माझी सगळ्यात लाडकी त्यांनी बाजूला काढली आणि म्हणाले, "बाकीच्या दोघी हेच सांगतात, आणि कमी शब्दांत सांगतात." मला राग आला. घरी येऊन रात्री तिन्ही परत वाचल्या आणि दुसऱ्या दिवशी जाऊन ती कविता मीच फाइलमधून काढली. बासष्टच्या त्रेचाळीस झाल्या. इतक्या बारकाईने माझ्या ओळी त्याआधी कुणीही वाचल्या नव्हत्या.

पैसे भरून काढलेल्या पहिल्या पुस्तकाचं उलट झालं. मजकूर पाठवला, दहाव्या दिवशी पीडीएफ आली, एका कॉमाचीही चर्चा नाही. मला तेव्हा आनंदच झाला, कारण कुणी काही बदलायला सांगितलं नव्हतं. पुस्तक हातात आल्यावर दिसलं की एका कवितेच्या शेवटच्या दोन ओळी पान उलटल्यावर वरच्या टोकाला एकट्या पडल्या आहेत, आणि लगेच खाली पुढच्या कवितेचं शीर्षक आहे. पुढे एका वाचनकट्ट्यावर एका बाईंनी ती कविता फार जीव लावून वाचली, आणि त्या दोन ओळींच्या आधीच थांबल्या. त्यांची काहीच चूक नव्हती. पानाने त्यांना तिथेच थांबवलं होतं.

म्हणून माझी अट एवढीच: छोटा प्रकाशक वाचणारा हवा. न वाचता छापणारा असेल, तर तो आणि स्वखर्चाचं छापखान्यातलं काम यांत फरक उरत नाही. उलट स्वखर्चात निदान हक्क तुमच्याकडे राहतात.

यादी बघा

प्रकाशक ओळखायचा असेल तर त्याची सूची, म्हणजे त्याने काढलेल्या पुस्तकांची यादी, वाचा. मोठ्या संस्थेच्या सूचीत आत्मविकास, पाककृती, चरित्रं, अनुवाद, कादंबऱ्या सगळं असतं, आणि दुकानदार ती आनंदाने ठेवतो. तुमचा संग्रह त्यातला एक. छोट्या प्रकाशकाची सूची म्हणजे त्याची आवड असते. प्रास प्रकाशनाचं उदाहरण घ्या. 'असो'सारखं अनियतकालिक, म्हणजे ठरावीक मुदत नसलेलं, प्रस्थापितांबाहेरचं छोटं मासिक, चालवणाऱ्या अशोक शहाण्यांचं हे प्रकाशन. 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ मध्ये तिथून आलं आणि 'चिरीमिरी', 'द्रोण', 'भिजकी वही'सुद्धा तिथूनच. 'भिजकी वही'ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा कोलटकर हयात नव्हते. पंचवीस-सव्वीस वर्षं एकाच कवीच्या मागे उभं राहणं हे विक्रीच्या हिशोबात बसणारं नव्हे. याच प्रासने वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९८३ मध्ये पोस्टर म्हणून छापली. पुस्तक नाही, पोस्टर! कवितेला जो आकार हवा तो द्यायची मोकळीक मोठ्या संस्थेच्या वार्षिक नियोजनात मिळणं कठीण आहे.

मोठं म्हणजे निबर असंही नाही. मौज प्रकाशनाकडे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक होते तेव्हा मोठं नाव आणि बारीक संपादन एकाच छताखाली नांदत होतं. त्याला आधार मौजेच्याच 'सत्यकथा' मासिकाचा होता. लेखक आधी मासिकात वाचला जायचा, पत्रं जायची-यायची, आणि मग पुस्तक व्हायचं. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद झालं. आणि ज्यांना त्या चौकटीत जागा नव्हती त्यांनी त्याआधीच आपली अनियतकालिकं काढली होती, १९६९ मध्ये 'सत्यकथे'ची होळीही केली होती. म्हणजे चांगल्या संपादकाच्याही आवडीला कुंपण असतं. तुमची कविता कुंपणाच्या आतली की बाहेरची हे सूचीवरून कळतं. सूचीतली तीन पुस्तकं विकत घेऊन वाचा. एकही आवडलं नाही तर तिथे संग्रह पाठवू नका, तो प्रकाशक कितीही भला असला तरी.

यातून निघणारी एक सोपी वाट: ज्या प्रकाशकाचं मासिक, साप्ताहिक किंवा दिवाळी अंक आहे, त्याच्याकडे आधी अंकासाठी चार कविता पाठवा. 'मुक्त शब्द' आणि शब्द पब्लिकेशन, 'साधना' साप्ताहिक आणि साधना प्रकाशन अशा जोड्या आपल्याकडे आहेत. चार कवितांवर आलेलं उत्तर तुम्हाला त्या संपादकाबद्दल बरंच सांगून जातं.

कादंबरीचं गणित जरा वेगळं. 'कोसला' १९६३ मध्ये देशमुख आणि कंपनीने काढली तेव्हा तिचे लेखक भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते, आणि ती काही अनियतकालिकवाल्यांची संस्था नव्हती, खांडेकरांची पुस्तकं काढणारं प्रस्थापित घर होतं. कादंबरीला दुकानं लागतात, ग्रंथालयं लागतात, दुसरी आवृत्ती वेळेवर लागते. तीनशे पानांची कादंबरी घेऊन कुणी आलं तर मी आधी मोठ्या संस्थेकडेच पाठवते. वर्षभर वाट बघायची तयारी ठेवा म्हणते.

प्रकाशन समारंभ आणि त्यानंतरची तीन वर्षं

मोठ्या समारंभाचं चित्र तुम्हाला ठाऊक आहे. सभागृह, पाच वक्ते, चमकीच्या कागदाची गाठ सोडून पुस्तकं कॅमेऱ्याकडे धरलेली, आणि लेखकाच्या मनोगताची वेळ येईपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. एवढं करून बातमी मात्र येते, आणि पहिल्या पुस्तकाला बातमीचा उपयोग होतो हे मी नाकारणार नाही. माझ्या दुसऱ्या संग्रहाचा कार्यक्रम एका ग्रंथालयाच्या वाचनकक्षात झाला. सव्वीस माणसं. भाषण एकही नाही, फक्त कविता, आणि मध्ये मध्ये प्रकाशकांचे प्रश्न. एकोणीस प्रती तिथल्या तिथे गेल्या. त्यातले तिघे आजही नवी कविता आली की कळवतात. प्रकाशकांनी पुढच्या दीड वर्षात असे आणखी चार कार्यक्रम लावले, दर वेळी वेगळ्या गावात, दर वेळी त्यांच्या दुसऱ्या एखाद्या लेखकासोबत. छोट्या प्रकाशकाचं खरं बळ मला इथे दिसतं. त्याचे लेखक एकमेकांना ओळखतात आणि एकाचा वाचक दुसऱ्यालाही मिळतो.

वाचकांनाच सोबत घ्यायची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. सत्तरच्या दशकात ग्रंथाली उभी राहिली ती वाचक चळवळ म्हणून. सभासद आधी पैसे देत आणि पुस्तक स्वस्तात मिळे. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आणि लक्ष्मण मानेंचं 'उपरा' १९८० मध्ये तिथून आलं. या पुस्तकांना वाचक मिळेल की नाही याची खात्री तेव्हा कोण देणार होतं? आज पूर्वनोंदणीवर संग्रह काढणारे छोटे प्रकाशक हीच पद्धत फोनवरच्या गटांतून चालवतात. पहिल्या आवृत्तीच्या निम्म्या प्रती आधीच नोंदल्या गेल्या तर कागदाचं बिल निघतं.

छोट्या प्रकाशकाची दुखरी बाजूही सांगायला हवी. दुकानात पुस्तक सापडत नाही. वितरक निम्म्याच्या जवळ जाणारी सवलत मागतो, ती छोट्या प्रकाशकाला झेपत नाही, म्हणून तो संमेलनातल्या आणि प्रदर्शनातल्या गाळ्यावर आणि टपालाने विक्रीवर अवलंबून असतो. प्रकाशक आजारी पडला की सगळं थांबतं. मला हिशोब दोन वर्षांनी मिळाला, तोही आठवण केल्यावर. मानधनाऐवजी पंचवीस प्रती देऊन विषय मिटवणारेही आहेत. मोठ्या संस्थेत दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास मानधन ठरतं आणि वर्षाला हिशोबाचा कागद येतो. रक्कम थोडी असेल, पण कागद येतो.

करार

तिन्ही वाटांवर हा भाग लोक घाईत उरकतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क देणं लेखीच हवं. कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती मानधनावर, हे त्यात आलं पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, ते प्रकाशकाकडून सुटून लेखकाकडे परत येतात. छोटा प्रकाशक "आपल्यात कसला करार" म्हणाला तरी प्रेमाने एक पान लिहून घ्या. त्यात अनुवाद, ध्वनिपुस्तक आणि ईपुस्तक यांचे हक्क स्वतःकडे ठेवा. मोठी संस्था छापील करार पुढे करते, त्यात हे तिन्ही हक्क बहुतेक वेळा मागितलेले असतात. त्यावर बोलता येतं, फक्त सहीच्या आधी बोलायचं.

स्वखर्चाने काढणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, स्वतःच्या नावाने घ्या. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो विनामूल्य देते, त्यासाठी कुणी 'पॅकेज'मध्ये पैसे लावत असेल तर देऊ नका. १९५४ च्या कायद्याप्रमाणे चार सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती पाठवायची जबाबदारीही मग तुमची. आणि संपादनासाठी वेगळे पैसे ठेवा. छपाईतले थोडे कमी करा, पण ते ठेवाच. स्वखर्चाला मी कमी लेखत नाही. आदिल जुसावाला, अरुण कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी क्लिअरिंग हाऊस नावाने १९७६ मध्ये आपली इंग्रजी पुस्तकं स्वतःच काढली. त्यातल्या कोलटकरांच्या 'जेजुरी'ला पुढच्याच वर्षी कॉमनवेल्थ पारितोषिक मिळालं. पण ते चौघे होते, एकमेकांचं वाचत होते, आणि पुस्तकांच्या रूपाकडे कोलटकरांसारखा जाहिरातकलेतला माणूस बघत होता. तुमच्याकडे असे तीन मित्र असतील तर ही वाट तिन्हींतली सगळ्यात चांगली ठरू शकते.

ठरवण्याआधी एक फोन करा. प्रकाशकाला नाही, त्याच्या सूचीतल्या अशा लेखकाला ज्याचं पुस्तक तीन वर्षांपूर्वी आलं. पुस्तक आज मागवलं तर किती दिवसांत मिळतं, शेवटचा हिशोब कधी आला, आणि दुसरं पुस्तक त्याच प्रकाशकाला देणार का, एवढंच विचारा. तिसऱ्या प्रश्नाला लागणारा वेळसुद्धा ऐका.

त्या चौघांपैकी एकीचा संग्रह माझ्या टेबलावर आहे. तिच्या ओळी लांब आहेत, श्वास संपेपर्यंत चालतात. पुस्तकांच्या नेहमीच्या, डेमी आकाराच्या पानावर त्या मोडतील आणि कविता वाचताना ठेचा लागतील. तिला मी दोन छोट्या प्रकाशकांची नावं दिली आहेत आणि सांगितलं आहे, भेटल्यावर बाकी काही बोलायच्या आधी सगळ्यात लांब ओळीची कविता पुढे ठेव आणि विचार, पान केवढं घ्याल?