प्रागमध्ये पैसे बदलताना बाबा फसले; तीन तासांचा नियम माहीत असू द्या

प्रागला जाणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगते, पुढचं सगळं वाचायला वेळ नसला तरी चालेल. चेक देशात परवाना असलेल्या दुकानात पैसे बदलून घेतले आणि दर फार वाईट मिळाला हे मागाहून लक्षात आलं, तर तीन तासांच्या आत तो व्यवहार रद्द करता येतो. कारण सांगावं लागत नाही, वेगळे पैसे पडत नाहीत. रक्कम एक हजार युरोपर्यंतची हवी आणि पावती जवळ हवी. १ एप्रिल २०१९ पासून तिथे हा कायदाच आहे. दुकानदार आपणहून सांगत नाही.

मी ड्रेस्डेनला नोकरी करते. तिथून प्राग रेल्वेने साधारण अडीच तासांवर, एल्बे नदीच्या काठाकाठाने. आई-बाबा साताऱ्याहून आले होते. बाबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे प्रागचं जुनं शहर पायीच बघायचं, बसमध्ये बसून नाही, हे त्यांनी निघायच्या आधीच ठरवलं होतं. त्यांचा मार्गही ठरलेला. पावडर टॉवरपासून सुरुवात, त्सेलेत्ना रस्त्याने जुन्या शहराच्या चौकात, तिथून कार्लोवा गल्लीने चार्ल्स पुलावर आणि पूल ओलांडून वर किल्ल्याकडे. बोहेमियाच्या (आजच्या चेक देशाचा पश्चिमेकडचा मोठा भाग) राजांची राज्याभिषेकाची मिरवणूक याच वाटेने जायची. आज पर्यटकांची सगळी गर्दीही याच वाटेवर असते, आणि त्या गर्दीवर जगणारी दुकानंही.

पावडर टॉवरचं बांधकाम १४७५ मध्ये सुरू झालं. काळपट पडलेला दगड, वर टोकदार छप्पर. त्याच्या कमानीतून आत शिरलं की त्सेलेत्ना लागतो, दोन्ही बाजूंना रंगीत, नक्षीदार दर्शनी भिंतींची घरं. माणूस साहजिकच मान वर करून चालतो. तिथेच आईला स्वच्छतागृहात जायचं होतं. नाणी लागतील म्हणून मी माझ्याकडची सुटी नाणी घेऊन तिच्याबरोबर गेले. बाबा बाहेर थांबले. आपल्याकडेही इथले थोडे पैसे असावेत, प्रत्येक वेळी लेकीपुढे हात करायला नको, असं त्यांच्या मनात आलं. समोरच पैसे बदलून देणारं दुकान होतं. काचेवर मोठ्या अक्षरांत ‘कमिशन ० टक्के’. आत व्यवस्थित काउंटर, गणवेशातला माणूस, छापील पावती. बाबांनी तीनशे युरो दिले आणि चार हजार आठशे कोरुना (चेक चलन) घेतले.

म्हणजे एका युरोला सोळा कोरुना. त्या दिवशीचा बाजारभाव पंचवीसच्या जवळपास होता. साडेसात हजारांच्या आसपास मिळायला हवे होते. आपल्या हिशेबाने नऊ-दहा हजार रुपये दोन मिनिटांत गेले.

हे कसं होतं ते नीट सांगते, कारण बाबा हिशेबाला पक्के आहेत. भारतात त्यांना फारसं कोणी फसवू शकलेलं नाही. फलकावर प्रत्येक चलनापुढे दोन आकडे असतात. एका रकान्यावर चेक भाषेत ‘नाकुप’, म्हणजे खरेदी, आणि दुसऱ्यावर ‘प्रोदेय’, म्हणजे विक्री. खरेदी आणि विक्री दुकानाच्या बाजूने लिहिलेली असते. आपण युरो देतो तेव्हा दुकान ते खरेदी करतं, म्हणून आपल्याला लागू होतो खरेदीचा दर, सोळा. विक्रीच्या रकान्यात असतो पंचवीस. घरून निघताना आपण पंचवीस हा आकडा मनात धरलेला असतो, फलकावर तोच दिसतो, आणि आपण निश्चिंत होतो. वर कमिशन शून्य. ते खरंच शून्य असतं. सगळा नफा दरातच काढलेला असल्यावर कमिशन घ्यायची गरज कुठे उरते?

मला राग येतो तो याचाच. यात खोटी नोट नाही, हातचलाखी नाही, लिहिलेलं सगळं खरं आहे. रचना मात्र अशी की परका माणूस चुकीचा आकडा वाचेल. यातला दोष वाचणाऱ्याचा नाही, फलक मांडणाऱ्याचा आहे. बाबांनाही मी हेच पुन्हा पुन्हा सांगितलं.

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्ही चौकात गेलो. जुन्या नगरभवनाजवळ फरसबंदीत सत्तावीस पांढरे क्रॉस जडवले आहेत, बाबा त्यांच्यासाठीच आले होते म्हटलं तरी चालेल. नोव्हेंबर १६२० मध्ये व्हाइट माउंटनच्या लढाईत बोहेमियातले बंडखोर हरले आणि २१ जून १६२१ रोजी त्यांच्यातल्या सत्तावीस जणांना याच चौकात जाहीर मृत्युदंड दिला गेला. बाबा प्रत्येक क्रॉसपाशी थांबले. मग नगरभवनाच्या मनोऱ्यावरचं खगोलीय घड्याळ. १४१० मधलं, आजही चालतं. तासाला सांगाडा घंटा वाजवतो, वर दोन खिडक्यांतून येशूच्या शिष्यांच्या, म्हणजे प्रेषितांच्या, मूर्ती फिरतात. बाजूच्या आकृत्यांमध्ये पैशाची थैली हातात धरलेला एक लोभीही आहे. हा खेळ पाहायला खाली शेकडो लोक माना वर करून उभे असतात, तेव्हा पर्स पोटाशी धरा. पाकीटमारांना याहून सोयीची जागा आणि वेळ नाही.

चौकातल्या खाण्याच्या टपऱ्यांबद्दलही सांगून टाकते. निखाऱ्यावर भाजलेला हॅमचा मोठा तुकडा दिसतो, पाटीवर किंमत दिसते, ती बरी वाटते. ती शंभर ग्रॅमची असते. विक्रेता न विचारता तीन-चारशे ग्रॅम कापून थाळीत घालतो आणि तराजूवरचा आकडा सांगतो. आमच्या पुढच्या कुटुंबाचं असंच झालं. कापण्याआधी ‘दोनशे ग्रॅम’ असं स्पष्ट म्हणा आणि तराजूकडे बघा, एवढं पुरतं.

पैशांचं उघडकीला आलं ते चार्ल्स पुलावर. या पुलाचा पाया बोहेमियाचा राजा चौथा चार्ल्स याने ९ जुलै १३५७ रोजी पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी घातला असं परंपरा सांगते. वर्ष, दिवस, महिना, तास, मिनिटं ओळीने लिहिली की एक, तीन, पाच, सात, नऊ असे विषम आकडे चढतात आणि तसेच उतरतात. बाबांना ते इतकं आवडलं की आकडे लिहून ठेवायला त्यांनी खिशातली डायरी काढली. डायरीत पावती होती. बाबा पेट्रोलचीसुद्धा पावती जपून ठेवतात, तशीच ही ठेवलेली. ती उलगडून ते सहज म्हणाले, “अगं, हे सोळा काय लिहिलंय?”

मी पावती पाहिली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. बाबांचा चेहरा उतरला. आई म्हणाली, “जाऊ दे, गेले ते गेले, दिवस खराब करू नका.” बाबा मात्र गप्प झाले. पेन्शनीतून साठवून, साताऱ्याच्या बँकेतून रीतसर घेतलेले ते युरो होते.

मी ऑफिसातल्या एका चेक सहकारिणीला फोन लावला, तक्रार कुठे करायची ते विचारायला. तिने पहिला प्रश्न विचारला, “पावतीवर वेळ काय आहे?” अकरा वीस. पावणेदोन वाजले होते. “मग अजून पस्तीस मिनिटं आहेत. घेतलेले कोरुना पूर्ण परत न्या, तेवढेच्या तेवढे. ते ‘नाही’ म्हणतील. हटू नकोस, मला फोनवर घे.”

मधे कॉफी घेतल्यामुळे त्या चार हजार आठशेतले काही खर्च झाले होते. मी सकाळी बँकेच्या एटीएममधून काढलेल्या माझ्या पैशांतून रक्कम भरून काढली. आईला पुलाच्या मनोऱ्याजवळ बसवलं. याच मनोऱ्यावर त्या सत्तावीसांपैकी बारा जणांची मस्तकं दहा वर्षं टांगून ठेवली होती, हे बाबा आदल्या रात्री मला सांगत होते. आता ते एक शब्द न बोलता माझ्याबरोबर कार्लोवाच्या गर्दीतून भराभर चालत होते. ती गल्ली अरुंद आणि वळणावळणाची, त्यात गोल दगडांची फरसबंदी. वयस्क माणसाला तिथे घाई करायला लागावी याचंच मला वाईट वाटत होतं.

दोन वाजून पाच मिनिटांनी आम्ही काउंटरवर. त्या माणसाने पावतीकडे पाहिलंही नाही. “व्यवहार संपला. तुम्हाला दर आधी दाखवला होता.” मी तीन तासांचा कायदा म्हटलं. तो म्हणाला, “तो फक्त चेक नागरिकांसाठी आहे.” हे साफ खोटं. मग म्हणाला, मॅनेजर नाही, उद्या या. उद्या आलो असतो तर मुदतच टळली असती. मी फोन स्पीकरवर टाकला. सहकारीण त्याच्याशी चेकमध्ये अगदी शांत आवाजात बोलली. मला त्यातलं एकच कळलं, चेक राष्ट्रीय बँकेचं नाव. पैसे बदलणाऱ्या दुकानांवर देखरेख त्या बँकेची असते आणि परवानाही तिच्याच हातात असतो. त्याने कोरुना मोजून घेतले, एक कागद छापला आणि तीनशे युरो काचेखालून सरकवले. बाबांनी ते काउंटरवरच दोनदा मोजले.

आमचे पैसे परत मिळाले ते पावती होती म्हणून आणि चेक बोलणारं कोणीतरी फोनवर होतं म्हणून. परतीच्या गाडीत नाशिकचं एक जोडपं भेटलं, त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांना दुकानाच्या दारातच एक माणूस भेटला होता. “आत जाऊ नका, ते लुटतात, मी सव्वीस देतो.” दर खरोखर चांगला, बोलणं मदतीचं, म्हणून त्यांनी दोनशे युरो दिले. हातात आल्या त्या बेलारूसच्या जुन्या नोटा. २०१६ मध्ये बेलारूसने दहा हजार जुन्या रुबलचा एक नवा रुबल केला आणि त्या नोटा बाद झाल्या. आकडे मोठे, अक्षरं अनोळखी, नोट खरीच छापलेली, त्यामुळे पहिल्यांदा युरोपात आलेल्या माणसाला शंका येत नाही. रस्त्यावरच्या अशा व्यवहाराला तीन तासांचा नियम लागत नाही, कारण समोर दुकान नाही आणि पावतीही नाही. त्यांनी १५८ वर पोलिसांना फोन केला, तक्रार नोंदवली गेली. पैसे मिळायची आशा त्यांनी सोडली होती.

चेक नोटा जाण्याआधी एकदा डोळ्यांखालून घाला. शंभराच्या नोटेवर चौथा चार्ल्स आहे, ज्याच्या पुलावर तुम्ही चालणार तोच. दोनशेवर शिक्षणतज्ज्ञ कोमेन्स्की, पाचशेवर लेखिका बोझेना न्येम्त्सोवा, हजारावर इतिहासकार पालात्स्की, दोन हजारांवर गायिका एमा देस्तिन्नोवा, पाच हजारांवर पहिले राष्ट्राध्यक्ष मासारिक. यातलं कोणी नोटेवर नसेल तर हात मागे घ्या. आणि रस्त्यात कोणी कितीही चांगला दर सांगितला तरी थांबू नका, चालत राहा.

खरं तर प्रागमध्ये रोख फारशी लागत नाही. ट्राममध्ये, संग्रहालयात, साध्या बेकरीत कार्ड चालतं. भारतातून येणाऱ्यांनी निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर सुरू करून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी सुरू होऊन येतात. रोख हवीच असेल तर खऱ्या बँकेचं एटीएम शोधा, चेस्का स्पोर्जितेल्ना, कोमेर्च्नी बांका, चेएसओबे अशी नावं दिसतील. पर्यटकांच्या रस्त्यावर पावलोपावली बँकेची नसलेली जी एटीएम यंत्रं आहेत ती टाळा. आणि कोणत्याही यंत्राने, दुकानातल्या कार्डमशीननेसुद्धा, ‘रक्कम रुपयांत की कोरुनामध्ये’ असं विचारलं तर कोरुनाच निवडा. रुपये निवडले की दर ते यंत्र ठरवतं, आणि तो तुमच्या बँकेपेक्षा जवळपास नेहमीच वाईट असतो. काही यंत्रांवर रुपयांचं बटण मोठं आणि हिरवं असतं, कोरुनाचं कोपऱ्यात बारीक. त्या फलकासारखीच ही मांडणी.

आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना ग्रुप टूरने पाठवत असाल, तर हे त्यांना निघण्याआधी फोनवर समजावून सांगा. टूरमध्ये त्सेलेत्नावर अर्धा तास मोकळा मिळतो, आणि पैसे बदलायचं सुचतं ते नेमकं त्याच अर्ध्या तासात. ‘पैसे बदललेच तर पावती घे आणि लगेच मला फोटो पाठव’, एवढं एक वाक्य त्यांच्याकडून वदवून घ्या. फोटो आला की तुम्ही घरी बसून दर पाहू शकता, आणि तीन तास संपायच्या आत त्यांना परत काउंटरवर पाठवू शकता.