स्टिकरखाली ११,००० लिहिलं होतं

बाबांची २००६ सालची मारुती ८०० आम्ही विकली नाही. बाबा गेले, गाडी इंदूरच्या लोकमान्य नगरमधल्या घरासमोर उभी राहिली. सिल्व्हर रंग, पण बॉनेटचा आणि उजव्या मडगार्डचा उन्हानं पार उडालेला. गॅरेजवाल्यानं दोन्हींचे नऊ हजार सांगितले. तेवढ्यात तर रंग फवारायची स्वतःची गन आणि पॉलिश करायचा बफर येईल, शिवाय बाबांच्या गाडीला हात आपलाच लागेल, असं मनात आलं. टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर घरी होताच: १ एचपी, २४ लिटरची टाकी.

सियागंजच्या बाजारात गन आणि बफर घ्यायला गेलो. काउंटरवर कॉम्प्रेसरचा फोटो दाखवला, नेमप्लेटसकट, आणि सरळ विचारलं, यावर चालेल ना? "बिल्कुल चलेगी भैया. एचव्हीएलपी है, लो प्रेशर. छोटे कंप्रेसर के लिए ही बनी है."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण नवखा माणूस इथेच फसतो. एचव्हीएलपी म्हणजे हाय व्हॉल्यूम लो प्रेशर, हवा जास्त आणि दाब कमी. या गनमध्ये दाब कमी असतो हे खरं आहे. गनच्या तोंडावरच्या एअर कॅपमधून बाहेर पडताना तो १० पीएसआयच्या (हे दाबाचं माप) आतच राहतो, म्हणून रंग हवेत कमी उडतो आणि पत्र्यावर जास्त बसतो. पण दाब कमी म्हणजे हवा कमी नव्हे, उलट अशा गनला हवा भरपूर लागते. गाडीच्या कामाच्या पूर्ण आकाराच्या गनला साधारण १० ते १४ सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा. माझा कॉम्प्रेसर देतो जेमतेम ३-४. फोटोत तो आकडा दुकानदाराला दिसत होता. त्याला कळत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

टाकी भरलेली असते तोवर पहिले काही सेकंद गन सुरेख चालते. मग काटा खाली येतो आणि गन थुंकायला लागते. साधा रंग असता तर निदान घासून सावरता आलं असतं, पण सिल्व्हरमध्ये धातूची चमक असते. फवारा कमीजास्त झाला की ती चमक कुठे गोळा होते, कुठे विरते. माझ्या बॉनेटवर पावसाळी आभाळासारखे डाग उमटले, वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअरकोट, संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत बसला.

मागच्या गल्लीतल्या पेंटरकाकांना बोलावलं. त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही, आधी गन मागितली. कपात पाणी भरलं, त्यांच्या मोठ्या कॉम्प्रेसरला जोडली आणि जुन्या पुठ्ठ्यावर क्षणभर फवारलं. पट्टा मधे भरीव आणि दोन्हीकडे सारखा विरत जाणारा असायला पाहिजे. आमचा एका बाजूला जाड होता. काकांनी एअर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारलं, तरी जाड बाजू तिथेच. "कॅप ठीक आहे, गडबड नोझल किंवा सुईत आहे," ते म्हणाले. जाड बाजू कॅपबरोबर फिरली असती तर दोष कॅपमध्ये. मग नोझल काढलं. खोक्यावर भोकाचं माप १.४ मिमी छापलेलं, आत १.८. तेवढं मोठं नोझल रंगाखालच्या प्रायमरला ठीक, बेसकोट (म्हणजे मूळ रंग) आणि क्लिअरला १.३ किंवा १.४ लागतं. ही पुठ्ठ्याची परीक्षा दुकानातच पाणी घालून करता येते, दोन मिनिटं लागतात. दुकानदार नाही म्हणाला तर तिथून निघा.

बफरचं प्रकरण मात्र जिवावर बेतलं असतं. "कार पॉलिशर" म्हणून ३,६०० ला घेतलेल्या मशीनवर वेगासाठी १ ते ६ आकड्यांचा रेग्युलेटर होता. मी १ वर ठेवूनच बॉनेटच्या कडेला लावलं. दोन-तीन सेकंदांत जळका वास आला आणि पॅड उचलला तेव्हा कडेवर बोटभर लांब राखाडी पट्टा होता. क्लिअर गेला होता, रंगही गेला होता, प्रायमर दिसत होता. क्लिअरचा थर असतो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ. कडेवर तो आणखी पातळ बसतो.

काकांनी मशीनच्या बाजूचं चकचकीत स्टिकर नखानं खरवडलं. खाली खरी नेमप्लेट निघाली: अँगल ग्राइंडर, १०० एमएम, ११,००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. पॉलिशर ६०० ते ३,००० च्या दरम्यान चालतो. त्याच मशीनबरोबर दिलेल्या पॅडच्या पाठीवर कमाल ४,००० असं कोरलेलं होतं. तो पॅड फुटून उडाला असता तर? माझी मुलगी तेव्हा पायरीवर बसून बघत होती. हे लिहितानाही हात थंड पडतो.

त्याच दुकानदारानं "पेंट मास्क" म्हणून १५० रुपयांना कापडी मास्क दिला होता. टू-के क्लिअरच्या, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या क्लिअरच्या, हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ते कापडातून आरपार जातं आणि कायमचा दमा लावू शकतं. धूळ अडवणारा मास्कही त्याला पुरत नाही. वर्कशॉपमध्ये यासाठी बाहेरून ताजी हवा देणारा मास्क वापरतात. अंगणात, घरच्यांच्या नाकासमोर टू-के मारूच नका.

परत करायला गेलो त्या दिवशी रंगपंचमी, गेरमुळे, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीमुळे, बाजार बंद. दुसऱ्या दिवशी दुकानदारानं पावती मागितली. माझ्याकडे होती कच्ची पर्ची: "गन १, मशीन १", दुकानाचं नाव नाही, मॉडेल नाही. "१८ परसेंट जीएसटी बच जाएगा" म्हणून मी रोख पैसे दिले होते, त्यामुळे यूपीआयची नोंदही नाही. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला, तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, पण पुरावा तर हवा. पक्कं बिल घ्या आणि त्यावर नोझलचा आकार, मशीनचा प्रकार, आरपीएम लिहून घ्या. खोटं विकणारा ते लिहून देताना अडखळतो.

बॉनेट आता पत्र्यापर्यंत घासून काकांकडे दिलंय. मडगार्ड त्यांनी माझ्याकडूनच करून घेतलं, त्यांच्या शेडमध्ये, त्यांच्या गनने, माझं मनगट धरून.