नाट्यलेखनासाठी एम.ए. : चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये नाट्यशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. नाट्यलेखन हा विशेष विषय. आता तिसरं सेमिस्टर चालू आहे. प्रवेश घेताना कुणाचा असा अनुभव वाचायला मिळाला असता तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहिते. विद्यापीठाचं नाव देत नाही. दुसऱ्या विद्यापीठांत हाच विषय शिकणाऱ्या मैत्रिणींशी बोलले, तर त्यांचं सुख-दुःखही साधारण असंच आहे.

मी सोलापूरची, साखर पेठेतली. सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते, दुपारी वर्गाला जाते. त्याआधी सहा वर्षं एका हौशी नाट्यसंस्थेत होते. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत हुतात्मा स्मृती मंदिराच्या विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग केलंय, दोन एकांकिकाही लिहिल्यात. मग पदवी कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारलं. माझं उत्तर एकच होतं. संस्थेत माझं लिखाण बसवलं जायचं, पण ते कुणी तपासत नव्हतं. प्रयोग झाला की टाळ्या, हार, फोटो. वाक्य कुठं पडलं आणि का पडलं, हे सांगायला कुणालाच वेळ नसायचा.

ते इथं मिळालं. बाकी काहीही नसतं तरी एवढ्यासाठी मी पुन्हा प्रवेश घेतला असता.

आमच्याकडे दर गुरुवारी वाचन असतं. ज्याची संहिता त्यानं वाचायची नाही, हा नियम. पात्रं इतरांना वाटून द्यायची आणि आपण गप्प बसून ऐकायचं. पहिल्या सेमिस्टरला मी विडी कामगार बाईवर दीर्घांक लिहिला होता. सोलापुरात राहून हा विषय न सुचणं अवघडच. त्यात माझी बाई विड्या वळता वळता सव्वा पान सलग बोलत होती : मजुरी, नवरा, मुलीची फी, सगळं. लिहिताना मला रडू आलं होतं. हे पात्र वर्गातल्या ज्या मुलीला वाचायला मिळालं, तिची आई सोलापूरजवळच्या कुंभारीत, विडी कामगारांच्या घरकुलात राहते आणि आजही विड्या वळते. ती अर्ध्या पानावर थांबली. म्हणाली, "अगं, इतकं सलग कोण बोलतंय? माझी आई अर्धं वाक्य बोलते, मग हातातली विडी पुरी करते, मग राहिलेलं बोलते. कधी राहिलेलं बोलतच नाही."

वर्ग शांत झाला. सर एवढंच म्हणाले, "रविवारी हिच्या घरी जा. वही नेऊ नकोस."

गेले. काकू जमिनीवर बसलेल्या, मांडीवर सूप. सुपात ओलसर केलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं त्या मापाचं पान कापायचं, चिमूट तंबाखू पसरायचा, वळायचं, तोंड दुमडून दाबायचं, दोरा गुंडाळायचा. नजर सुपातून वर येत नाही. मुलगी चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "काल किती छाट काढली?" आदल्या दिवशी मुलगी विड्या द्यायला कारखान्यात गेली होती. छाट म्हणजे तपासणाऱ्यानं खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या. त्यांचे पैसे नाहीत. मुलीनं आकडा सांगितला. काकूंचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

माझं सव्वा पान त्या चार शब्दांनी खाऊन टाकलं. घरी आल्यावर ते भाषण काढलं आणि पूर्ण प्रवेश हाताच्या लयीवर पुन्हा लिहिला. पुढच्या गुरुवारी वाचन झालं तेव्हा एकाही वाक्यावर कुणी अडखळलं नाही. हे मला एकटीला घरात बसून दहा वर्षांत कळलं नसतं.

दुसरी मोठी मदत झाली भाषेची. आमच्या भागात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू चालतात. माझं प्रत्येक पात्र मात्र शाळेतल्यासारखं मराठी बोलायचं. मला वाटायचं, तेलुगू वाक्यं घातली तर प्रेक्षकाला समजणार नाहीत. सरांनी प्रश्नच बदलून दिला : या क्षणी कुणाला समजू नये असं वाटतंय? कारखान्याचा माणूस दारात उभा असताना आई मुलीशी तेलुगूत बोलते, ते त्याला कळू नये म्हणून. तेव्हा प्रेक्षकालाही शब्द कळले नाहीत तरी चालतं, लपवाछपवी कळते. बोलीचंही तसंच. "काय करूलालास बे" हे माझ्या पात्रांच्या तोंडून आता मोकळेपणानं येतं. एका पाहुण्या प्राध्यापकांनी त्याखाली लाल रेघा मारून 'प्रमाण भाषा वापरावी' असा शेरा दिला होता. ती प्रत मी जपून ठेवलीय, पण रेघा मानल्या नाहीत.

सिद्धान्ताचा पेपर कंटाळवाणा असणार, अशी माझी समजूत होती. तसं झालं नाही. नाट्यशास्त्रातल्या पाच अर्थप्रकृती (बीज, बिंदू, पताका, प्रकरी, कार्य) 'नेट' या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या तयारीसाठी पाठ करणारे पुष्कळ आहेत. मला त्यातला बिंदू कामाला आला. मधल्या प्रसंगांनी मूळ धागा तुटायला लागला की त्याला पुन्हा जोडून देणारी गोष्ट म्हणजे बिंदू. माझ्या दीर्घांकाच्या उत्तरार्धात लग्नाची बोलणी सुरू झाली की विड्यांचा विषयच हरवत होता. मग पाहुणे बसलेले असताना सूप कोपऱ्यात सरकवलं जातं आणि नवऱ्या मुलाची आई ते बघते, एवढं घातलं. दीर्घांक सांधला गेला.

लेखन शिकवता येतं का, हा वाद जुनाच आहे. जॉर्ज पिअर्स बेकर हार्वर्डमध्ये नाट्यलेखनाचा वर्ग घ्यायचे. 1914-15मध्ये अमेरिकन नाटककार यूजीन ओनील त्यांच्याकडे शिकायला होते. 1925मध्ये बेकर येलला गेले. त्यांच्या कार्यशाळेत विद्यार्थ्यांची नाटकं प्रत्यक्ष रंगमंचावर उभी राहायची, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण आमच्याकडे नेमकी तिथंच बोंब आहे.

आता तक्रारी. नाट्यलेखनाची सत्रान्त परीक्षा लेखी आहे. तीन तास, उत्तरपत्रिका, 'संवादाची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा.' वर्षभर सातवा खर्डा, आठवा खर्डा करणाऱ्या मुलांनी शेवटी टिपा लिहायच्या आणि त्यावर गुण. संहितेला अंतर्गत मूल्यमापनात जे थोडे गुण आहेत तेवढेच. यावर मी विभागात अर्जही दिलाय. अजून उत्तर आलेलं नाही.

तमाशाच्या पेपरात गण, गवळण, बतावणी, वग हे सगळं झेरॉक्सवरून शिकवलं गेलं. तमाशाच्या कला केंद्रांचं मोडनिंब आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या हायवेवर. शाहीर राम जोशी याच सोलापूरचे. तरी विभागाची एक सहल निघाली नाही. शेवटी आम्ही चौघी स्वखर्चानं एसटीनं जाऊन आलो. बतावणीत प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये कलाकार किती थांबतो, ते झेरॉक्समध्ये कसं दिसणार?

व्यवहाराचं तर कुणी काही सांगतच नाही. महाराष्ट्रात नाटकाच्या प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. लेखकाची लेखी परवानगी, मानधन, स्पर्धेच्या प्रवेशिका, हे मला संस्थेतल्या दादांकडून आधीच माहीत होतं. वर्गातल्या बाकीच्यांना मी सांगितलं. ज्या पदवीत संशोधन पद्धतीला 4 क्रेडिट आहेत, तिथं या गोष्टींना एक तास मिळायला हवा होता.

खर्चाचं म्हणाल तर दोन वर्षांची फी माझ्या दोन पगारांच्या आत बसते. त्याहून जास्त झेरॉक्सला आणि रिक्षाला गेले. वेळ मात्र हिशेबात धरा. नोकरी करून होतं, पण शाळेचे पेपर तपासणं आणि अंक संपवणं एकाच आठवड्यात आलं की झोप जाते. नोकरीच्या आशेनं येणार असाल तर विचार करा. मालिका लिहायला मुंबई गाठायची असेल तर ही पदवी कुणी विचारत नाही. पण ज्यांच्याकडे लिहिलेलं काहीतरी आहे आणि ते कुठंतरी अडलंय, त्यांनी जरूर यावं. मोकळ्या हातानं आलेली दोन मुलं पहिल्याच सेमिस्टरला सोडून गेली. वाचनाला ठेवायला त्यांच्याकडे काही नसायचं, आणि गुरुवार कोरा गेला की इथं यायचं कारणच उरत नाही.

प्रवेशाआधी माहितीपत्रक बघून ठरवू नका. विभागात जा, शिपाईमामांना वाचनाचा दिवस विचारा आणि एक दिवस मागच्या बाकावर बसून घ्या. आम्हाला कुणी अडवलं नव्हतं. वाचनच होत नसेल, तर ती फी वाचवा.

गेल्या महिन्यात दीर्घांकाचा नववा खर्डा काकूंच्या अंगणात वाचला. शेजारच्या पाच-सहा बायका आपापली सुपं घेऊन आल्या होत्या. वाचन चालू असताना एकीचाही हात थांबला नाही. दोनदा हसल्या, दोन्ही वेळा मी न ठरवलेल्या जागी. शेवटी काकू म्हणाल्या, "तो छाट काढणारा इतका ओरडत नाही गं. हळू बोलतो." दहाव्या खर्ड्यात तो हळू बोलतोय.