इंग्रजीचा तास कसा घ्यायचा: नुसती इंग्रजी, मराठीतून अर्थ, की मुलांच्या भाषा सोबत घेऊन?

मेळघाटातल्या धारणी किंवा चिखलदरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर तिसरी-चौथीचा वर्ग मिळाला, की पहिल्याच आठवड्यात लक्षात येतं की वर्गात एक भाषा नाही. बहुतेक मुलं घरी कोरकू बोलतात. काही गवळ्यांच्या घरची असतात, काहींच्या कानावर धारणीच्या बाजारातली हिंदी असते आणि दोन-चार जणांच्या घरी मराठी. पुस्तकं मराठी माध्यमाची. त्यात इंग्रजी पहिलीपासूनच आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली राज्यात तो निर्णय झाला आणि तो आता बदलेल असं दिसत नाही. तेव्हा इंग्रजी शिकवायची की नाही, हा प्रश्न तुमच्यापुढे नाहीच. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात ती कशी शिकवायची, एवढंच तुमच्या हातात आहे.

समोर तीन वाटा दिसतात. पहिली, तासाला फक्त इंग्रजी. दुसरी, वाक्य वाचा, मराठीत अर्थ सांगा, फळ्यावरून उतरवून घ्या. तिसरी, मुलांची भाषा आणि त्यांचं रोजचं जगणं तासात आणून त्यातून इंग्रजी उभी करायची. माझा कल तिसरीकडे आहे, हे आधीच सांगते. पण ती सगळ्यांना सगळीकडे जमेल असं मला वाटत नाही, आणि अर्धवट केली तर ती पहिल्या दोघींपेक्षा वाईट ठरते.

फक्त इंग्रजी

या पद्धतीच्या बाजूने कॅनडाचं उदाहरण हमखास दिलं जातं. माँट्रिऑलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. मुलं फ्रेंच शिकली आणि त्यांची इंग्रजीही शाबूत राहिली. मग आपल्याकडे का नाही? कारण ती मुलं अख्ख्या खंडात जिचा दबदबा आहे ती भाषा घरून घेऊन आली होती. त्यांच्या भाषेला धक्का लागण्याची भीती नव्हती, आणि मूल इंग्रजीत काही बोललं तर शिक्षकाला ते कळत होतं. कोरकू बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत यातलं काहीच लागू नाही. शाळेबाहेर इंग्रजी कानावर पडत नाही, आणि मूल घरच्या भाषेत काही बोललं तर आपल्याला ते समजत नाही.

अमेरिकेत हाच वाद न्यायालयात गेला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे १८०० चिनी मुलांना इंग्रजी येत नव्हती आणि शाळा त्यांना वेगळी काहीच मदत देत नव्हत्या. १९७४ साली ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सगळ्यांना सारखीच पुस्तकं आणि सारखेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. ज्यांना भाषाच कळत नाही, ती मुलं शिक्षणाबाहेरच राहतात. पुढे १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाने मतदान घेऊन शाळांमध्ये जवळपास फक्त इंग्रजी आणली, आणि २०१६ मध्ये पुन्हा मतदान घेऊन त्यातला बराचसा भाग मागे घेतला.

तरीही ही वाट सरसकट टाकून देऊ नका. नवी मुंबईतल्या एखाद्या वर्गात भोजपुरी, तमिळ, नेपाळी आणि मराठी मुलं एकत्र बसत असतील, शिक्षिकेची इंग्रजी ओघवती असेल आणि मुलांना आपसात बोलायला दुसरी सोयीची भाषा नसेल, तर साध्या, हावभावांसह बोललेल्या इंग्रजीला खरं काम मिळतं. धारणीतही ‘सिट डाऊन’, ‘ओपन युवर बुक्स’, ‘हू इज ॲबसेंट टुडे’ ही रोजची वाक्यं इंग्रजीतच ठेवायला काय हरकत आहे? अडचण तिथून पुढे येते. अख्खा तास इंग्रजीत चालवण्याइतकी इंग्रजी शिक्षकाकडे नसली, की तास पाठ केलेल्या वीस-पंचवीस वाक्यांवर येऊन थांबतो. मुलं सूर पकडून एकसाथ उत्तरं देतात आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळं उत्तम चाललंय असं वाटतं.

मराठीतून अर्थ

या पद्धतीला नाव ठेवण्याची फॅशन आहे, ती मला पटत नाही. ‘यस्टरडे’चा अर्थ हातवाऱ्यांनी सांगण्यात दहा मिनिटं घालवण्यापेक्षा दोन सेकंदांत ‘काल’ म्हणून मोकळं व्हावं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि इंग्रजीत कर्त्यामागोमाग, हे फळ्यावर दोन वाक्यं शेजारी लिहून दाखवलं की चौथीच्या मुलाला चटकन दिसतं. सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या वर्गात सगळ्यांच्या घरी मराठी असेल, तर ही पद्धत थोडी सुधारून पुरेल.

मेळघाटात मात्र तिचा पायाच डळमळीत आहे. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली भाषा आहे, संथाळी-मुंडारीच्या नात्यातली. तिच्यात सजीवांसाठी एकवचन, द्विवचन आणि अनेकवचन अशी तिन्ही वचनं आहेत. तिसरीतल्या कोरकू मुलाला ‘मार्केट’चा अर्थ मराठीत सांगणं म्हणजे अर्धवट येणाऱ्या भाषेतून न येणारी भाषा समजावणं. शब्द सोपा असेल तर निभतं. ‘बिकॉज’, ‘इन्स्टेड’, ‘ऑलरेडी’ आले की मूल दोन्हीकडून अडतं. वही मात्र सुंदर भरते. केंद्रप्रमुख भेटीला आले की तीच वही उघडतात, म्हणून ही पद्धत इतकी टिकून आहे, असं मला वाटतं.

मुलांच्या भाषा सोबत घेऊन

ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांच्या यशस्वी शिक्षकांचा अभ्यास करून मांडलं, की हे शिक्षक मुलांचं घर आणि समाज यांना अडथळा मानत नाहीत, शिकवण्याचं साधन मानतात. त्याआधी, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी, ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये लुइस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन कामगारांच्या घरी पाठवलं होतं. शेती, औषधी वनस्पती, बांधकाम, हिशोब अशी केवढी तरी जाण त्या घरांमध्ये शिक्षकांना सापडली. आपल्याकडे तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी त्यांच्या अंगणात, कुरणात शाळा नेत होत्या. फरक इतकाच, की इथे आपल्याला इंग्रजी शिकवायची आहे.

तासात हे कसं दिसतं? मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात, तेव्हाचा एक आठवडा घ्या. पहिल्या दिवशी मुलं आपापल्या भाषेच्या गटात बोलतात: कोण कोण जातं, किती वाजता उठतात, झाडाखाली काय करतात, फुलं कुठे वाळवतात, कोण विकत घेतं. तुम्हाला कोरकू येत नसेल तरी चालेल, कारण हिंदी किंवा मराठी जमणारं एखादं मूल तुम्हाला सांगतं, आणि अंगणवाडी सेविका गावातलीच असते. चित्रं काढून होतात. दुसऱ्या दिवशी मुलांनी सांगितलेल्यातून पाच-सहा इंग्रजी वाक्यं तुम्ही मोठ्या कागदावर लिहिता: ‘वी गेट अप अर्ली. वी गो टू द महुआ ट्री. माय ग्रँडमदर कम्स विथ अस.’ ‘महुआ’ तसाच ठेवायचा, त्याला इंग्रजी शब्द शोधत बसायचं नाही. तिसऱ्या दिवशी त्या वाक्यांच्या पट्ट्या कापून ती क्रमाने लावणं, चौथ्या दिवशी ‘ग्रँडमदर’च्या जागी ‘सिस्टर’, ‘ट्री’च्या जागी ‘फील्ड’. शुक्रवारी प्रत्येकाची स्वतःची चार वाक्यं. मग पुढच्या आठवड्यात पुस्तकातला धडा. तो आता हलका जातो, कारण वाक्यांची घडण ओळखीची झालेली असते.

यात इंग्रजी कमी होते, असं पालकांना वाटतं. ‘सर, कोरकू आम्ही घरी शिकवतो, तुम्ही इंग्रजी शिकवा,’ हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नका. नोकरीच्या बाजारात आपलं मूल मागे पडू नये, ही त्यांची काळजी खरी आहे. पालकसभेत मुलांना स्वतःची इंग्रजी वाक्यं वाचायला लावा. त्यापुढे वेगळं समजावण्याची गरज सहसा पडत नाही. मनात शंका असेल तर कॅनडातले द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांचं म्हणणं आठवावं: एका भाषेत पक्की झालेली वाचनाची आणि विचाराची समज दुसऱ्या भाषेत कामी येते. गप्पांपुरती भाषा साधारण दोन वर्षांत जमते, अभ्यासाच्या भाषेला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांनी मांडलं. हे आकडे कॅनडात राहायला आलेल्या, म्हणजे इंग्रजीच्याच वातावरणातल्या मुलांचे आहेत. आपल्याकडे वेळ जास्तच लागणार.

आता या पद्धतीचे खड्डे. पहिला आणि सगळ्यात सोपा खड्डा सजावटीचा: सफरचंदाच्या जागी सीताफळ, भिंतीवर एखादं आदिवासी चित्र, ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, एक नाच, आणि तास जुनाच. दुसरा, सगळी कोरकू मुलं मोहच गोळा करतात असं समजणं. एखाद्याच्या वडिलांचं धारणीत दुकान असतं, कुणी आश्रमशाळेतून आलेलं असतं, कुणाला मोबाइलवरच्या खेळाविषयीच बोलायचं असतं. त्यांना विचारा, स्वतः ठरवू नका. तिसरा खड्डा वेळेचा. तयारी लागते, आणि दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाला दर आठवड्याला हे शक्य नाही. चौथा माझ्या मते सर्वात त्रासदायक: हिंदी-मराठी येणारी मुलं बोलकी असतात आणि गटात तीच बोलतात, कोरकू मुलं गप्प राहतात. म्हणून आधी एकाच भाषेचे गट, मग मिश्र.

मग निवडायचं कसं

वर्गात किती भाषा आहेत, यापेक्षा तुमची स्वतःची इंग्रजी आणि मराठीत मुलं कुठवर आली आहेत, या दोन गोष्टी जास्त निर्णायक आहेत. मुलांची मराठी चांगली असेल, तर मराठीतून अर्थ सांगत महिन्यातून एक आठवडा तिसऱ्या पद्धतीला द्या. मराठीच कच्ची असेल, तर पहिली-दुसरीत इंग्रजी तोंडी ठेवा: गाणी, सूचना, वस्तूंची नावं. वाचन-लेखन आधी मराठीत पक्कं होऊ द्या. देवनागरीत अक्षर आणि आवाज यांचं नातं ज्याला कळलं, त्याला रोमन लिपी शिकणं सोपं जातं; इंग्रजीत एकाच अक्षराचे वेगवेगळे आवाज होतात, एवढं मात्र नव्याने शिकावं लागतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० किमान पाचवीपर्यंत, शक्य असेल तिथे, घरच्या भाषेतून शिकवा असं सांगतं. शिक्षण हक्क कायद्यातही व्यवहार्य असेल तितकं मातृभाषेतून शिकवण्याचा उल्लेख आहे. म्हणजे अधिकाऱ्याने हटकलं तर दाखवायला आधार आहे.

ओडिशाने २००७ पासून आदिवासी भाषांमध्ये प्राथमिक शिक्षण सुरू केलं, तशी पुस्तकं तुमच्या हातात नसतील. म्हणून पहिल्या वर्षी सगळं बदलायला जाऊ नका. जूनमध्ये प्रत्येक मुलाच्या घरच्या भाषा एका कागदावर लिहून ठेवा, जुलैपासून महिन्याला एक विषय मुलांकडून घ्या. बाजार, मासे पकडणं, पोळा, बैल हरवला तेव्हाची गोष्ट, काहीही चालेल. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक मुलाला एकट्याने, पुस्तकात नसलेली पाच इंग्रजी वाक्यं बोलायला सांगा आणि तोडकीमोडकी असली तरी जशीच्या तशी लिहून घ्या. अर्ध्या वर्गाला तेवढं जमलं, तर दुसऱ्या सत्रात विषय वाढवा. नाही जमलं, तर मुलांनी पाठ केलेलं ऐकवलं की त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, ते त्या वाक्यांतच दिसेल. पाठांतर असेल तर फळ्यावरून उतरवणं कमी करा; सांगण्यासारखंच नसेल तर आधी कोरकूत बोलण्याला दिलेला वेळ वाढवा.