'फक्त एक सीझन वापरलेले' स्की बूट आणि माझे १४० युरो

म्युनिकमध्ये किंवा आसपास राहणारे जे कोणी मराठी लोक या हिवाळ्यात सेकंड हँड स्की बूट घ्यायच्या विचारात असतील त्यांनी हे आधी वाचा, लांबलचक आहे पण वाचा, कारण ज्या माणसाने मला गंडवलं तो अजून जाहिराती टाकतोय आणि त्याचा सगळा धंदा आपल्यासारख्यांवर चालतो, म्हणजे ज्यांनी लहानपणी बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर बघितला.

झालं असं की दरवेळी डोंगरावर गेलं की भाड्याच्या दुकानात रांग, आणि मग कुणाच्या तरी घामाने ओले झालेले बूट पायात घालायचे, याचा मला जाम कंटाळा आला होता. स्की भाड्याने घेऊ पण बूट आपले हवेत असं ठरवलं. नवीन बऱ्यापैकी बूट तीनशे-चारशे युरोच्या खाली येत नाहीत, म्हणून जुन्या वस्तूंच्या साईटवर शोधायला लागले. तिथे ही जाहिरात. लेडीज स्की बूट, फ्लेक्स (म्हणजे बुटाचा कडकपणा) ८०, साईझ २६.५, फक्त एक सीझन वापरलेले, जवळजवळ नवीन, १४० युरो. फोटोत बूट असे चकाचक की बस. मी मेसेज करून विचारलं की माझा चपलेचा नंबर ३९ आहे, हे बसतील का, तर लगेच उत्तर, एकदम परफेक्ट बसतील, स्की बूट जरा मोठेच घ्यायचे असतात, जाड सॉक्स घालावे लागतात ना. वर म्हणाला दुसरं गिऱ्हाईक पण विचारतंय, तुम्ही २० युरो आधी पाठवा म्हणजे बाजूला ठेवतो, आणि पेपालवर पाठवताना 'मित्र आणि कुटुंबीय' हाच पर्याय निवडा, नाहीतर फी कापतात. आता त्या पर्यायाने पैसे पाठवले की खरेदीदाराचं संरक्षण वगैरे काही मिळत नाही, आणि म्हणूनच हा माणूस तोच निवडायला सांगतो, फी-बी सगळं निमित्त.

घ्यायला बोलावलं ते शहराच्या पूर्वेकडच्या एका सोसायटीच्या अंडरग्राउंड पार्किंगमध्ये. गाडीची डिकी उघडी. माणूस अगदी गोड बोलणारा, पन्नाशीचा, बूट बहिणीचे आहेत, तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आता ती स्की करत नाही वगैरे. स्वतः खाली बसून माझ्या पायात बूट चढवला, बकल लावले. मी म्हटलं टाच थोडी उचलली जातेय, तर म्हणे दोन-तीनदा घातले की पायाला सेट होतात. हे शंभर टक्के उलटं आहे! स्की बुटाच्या आतला मऊ भाग, म्हणजे लायनर, वापराने दबत जातो आणि बूट सैलच होत जातो, घट्ट कधीच होत नाही. मग मी लायनर बाहेर काढून आतून बघायला गेले तर त्याने बूट चक्क हातातून घेतला. म्हणे हे लायनर गरम करून पायाच्या आकाराचं केलेलं असतं, थंड असताना ओढलं तर फाटेल, मग मी जबाबदार नाही. इतक्या काळजीने बोलला की कुणालाही पटावं. पावती मागितली तर म्हणे प्रायव्हेट विक्री आहे, पावती कसली. उरलेले १२० कॅश दिले.

पहिल्यांदा घातले ते लेंग्रीसला, ब्राउनेकवर. आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात भलेभले फसतात. मोठा बूट पायात मोठा वाटतच नाही. तो घट्ट असल्यासारखा दुखतो. पाय आत पुढे-मागे सरकतो, बोटं पुढे आपटतात, नखं काळीनिळी पडतात, नडगीवर बुटाची वरची कड घासते, आणि पाय हलू नये म्हणून तुम्ही बकल शेवटच्या खाचेपर्यंत आवळता, त्याने पावलाच्या वरच्या बाजूचा रक्तप्रवाह दाबला जातो, मग बोटं बधिर आणि गार पडतात. माणसाला वाटतं बूट टाईट आहे, अजून एक नंबर मोठा घ्यायला हवा होता. आणि वळायचं म्हटलं तर नडगीने बुटाच्या पुढच्या बाजूवर दाब द्यायचा असतो, तो दाब बुटातून स्कीपर्यंत जायला हवा, माझ्या केसमध्ये आधी पाय वळायचा आणि बूट मागून सावकाश यायचा. इन्स्ट्रक्टर सारखी ओरडतेय गुडघे वाकव, गुडघे वाकव. वाकवतेय की बाई!

पुढच्या वेळी स्की भाड्याने घ्यायला दुसऱ्या दुकानात गेले. तिथला टेक्निशियन म्हातारा, तुसडा, पण देवमाणूस. स्कीवरचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणारा खटका, सेट करायला त्यांना तुमचं वजन, उंची, वय, तुम्ही किती आक्रमक स्की करता हे आणि बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी लागते, ती लांबी बुटाच्या टाचेजवळ प्लास्टिकवरच कोरलेली असते. ती बघायला त्याने माझा बूट उचलला, टाचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि न विचारता दहा सेकंदात लायनर उपसून काढलं. काही फाटलं-बिटलं नाही. लायनर काढण्यासाठीच बनवलेलं असतं, किंबहुना दरवेळी काढून वाळवायलाच हवं. बाहेर आलं तर लायनर एका कंपनीचं आणि बाहेरचं कवच, म्हणजे शेल, दुसऱ्याच कंपनीचं! जुनाट शेलमध्ये कुठल्या तरी दुसऱ्या बुटाचं चांगल्या स्थितीतलं जाडसर लायनर कोंबलेलं, म्हणून पायाला मऊ-मऊ आणि नवीन वाटत होतं.

मग त्याने टॉर्च मारून शेलच्या आत दाखवलं. प्लास्टिकच्या मोल्डिंगवर बऱ्याचदा एक छोटं गोल घड्याळासारखं चिन्ह असतं, मध्ये वर्षाचे दोन आकडे आणि महिन्याकडे बोट दाखवणारा बाण. त्यात होतं ०६. म्हणजे २००६ साली ओतलेलं प्लास्टिक. 'एक सीझन वापरलेले' हे कदाचित खरंही असेल हो, पण त्याला काही अर्थच नाही, कारण स्की बूट वापराने जितका मरतो त्यापेक्षा जास्त वयाने मरतो. बहुतेक शेल पॉलीयुरेथेनचे असतात आणि ते हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत हळूहळू विघटित होत जातं, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात, कपाटात नुसते ठेवलेत तरी ते चालूच असतं, आणि दमट तळघरात तर विचारूच नका. वरून बूट धडधाकट दिसतो, आणि एक दिवस थंडीत, जोर पडला की बिस्किटासारखा तुटतो. इथले लोक दहा-बारा वर्षांपुढच्या शेलवर भरवसा ठेवत नाहीत. माझ्या बुटावर सिलिकॉनचा स्प्रे मारून चकाकी आणलेली होती, त्याखाली केसासारख्या बारीक भेगा होत्या. म्हाताऱ्याने टाचेच्या कडेवर स्क्रूड्रायव्हरची मूठ दोनदा ठोकली आणि नखाएवढा तुकडा काउंटरवर पडला.

तो म्हणाला याच्यावर मी बाइंडिंग लावणार नाही, आणि दुसऱ्या कोणी लावून दिलं तरी तुम्ही जाऊ नका. बरोबरच आहे, बाइंडिंग बुटाला पुढे-मागे त्या कडांवरच पकडतं, पडल्यावर स्की सुटायची का नाही हे तिथे ठरतं. कड वळणाच्या मधेच तुटली तर स्की भलत्याच वेळी सुटणार, आणि झिजलेली-वेडीवाकडी असेल तर सुटायला हवी तेव्हा सुटणार नाही, मग गुडघ्याचं लिगामेंट गेलं. शेवटी जाता जाता त्याने मला रिकाम्या शेलमध्ये पाय घालायला लावला, बोटं पुढे टेकवून. टाचेमागे दोन बोटं जेमतेम मावली पाहिजेत, दीड-दोन सेंटिमीटर. माझ्या मागे तीन बोटं घालून वर जागा उरली.

आता पैशाचं. त्या माणसाला मेसेज केला तर आधी म्हणे तुम्ही पाडले असतील. मग म्हणे प्रायव्हेट विक्री, परत घेत नाही. मग ब्लॉक. नवऱ्याच्या अकाउंटवरून शोधलं तर तोच तपकिरी टाईल्सचा फोटो, तोच गाडीच्या डिकीचा कोपरा, नाव वेगळं, आणि पुरुषांचे, बायकांचे, पोरांचे अशा बुटांची रांगच. बहीण भलतीच मोठ्या पायांची दिसते. इथला कायदा असा की खऱ्या प्रायव्हेट विक्रेत्याला 'जबाबदारी नाही' असं लिहून सुटता येतं, पण दोष माहीत असून लपवला असेल तर त्यालाही त्याआड लपता येत नाही, आणि जो नेमाने माल आणून विकतो तो दुकानदारच धरला जातो, त्याला वापरलेल्या मालावरही जबाबदारी पूर्ण झटकता येत नाही. ऐकायला छान. पण कोर्टात जायचं तर नाव-पत्ता पाहिजे, आणि आमच्याकडे एक पार्किंग आणि एक टोपणनाव. साईटवर रिपोर्ट केलं, पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार टाकली, नंबर मिळाला, पैसे नाही मिळाले. जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट व्यवहाराच्या आधीच काढून ठेवा बरं का, ब्लॉक केल्यावर सगळं गायब होतं.

नंतर मी एका बूट फिटरकडे जाऊन नवीनच घेतले. दुपारनंतर जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. त्याने पट्टीवर उभं करून दोन्ही पाय मोजले, मोठा पाय २४.३ सेंटिमीटर. स्की बुटाचा नंबर म्हणजे सरळ पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, त्यात चपलेच्या नंबराचा काही संबंध नाही. मला २४.५, त्या ठगाने दिलेला २६.५, म्हणजे चक्क दोन नंबर मोठा, कारण डिकीत तोच होता! आणि अर्ध्या नंबरांचंही ऐकून ठेवा, बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ चं शेल एकच असतं, फरक फक्त लायनर किंवा आतल्या सोलमध्ये, त्यामुळे "अर्धा नंबर मोठा देतो" म्हणून कोणी उपकार केल्यासारखं दाखवत असेल तर हसून सोडून द्या. माझा पाय पुढे रुंद आणि टाच बारीक, त्यामुळे त्याने १०२ मिलिमीटर रुंदीचं मॉडेल काढलं (९८, १००, १०२ अशा रुंदी साधारण असतात), लायनर गरम करून पायावर बसवलं. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकतात, गुडघे वाकवले की मागे सरकतात, असं हवं. पहिली दहा मिनिटं मला वाटलं हा पण लुटतोय, इतके आवळ होते. सॉक्स एकच, पातळ, आणि त्यात पँटची कड, थर्मल काही खुपसायचं नाही. बकल लावताना आधी टाच मागे आपटून बसवायची, मग घोट्याजवळचं बकल, बोटांवरचे सगळ्यात ढिले.

काळजीचं थोडक्यात. घरी आलं की लायनर बाहेर, साध्या हवेत वाळवायचं, हीटरवर ठेवायचं नाही. पूर्ण वाळलं की परत घालून बकल हलके लावून ठेवायचे, नाहीतर शेल फाकतं. तळघरात नाही, उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तर नाहीच. आणि जायच्या आदल्या रात्री गार गाडीत ठेवलेत तर सकाळी प्लास्टिक इतकं कडक होतं की पायच जात नाही. पार्किंगच्या डांबरावर फार चालू नका, तळ झिजतो. रबरी कव्हर मिळतात दहा-वीस युरोत. तळाच्या कडा बऱ्याच मॉडेल्समध्ये स्क्रू काढून बदलता येतात, फक्त नवीन घेताना तुमच्या बाइंडिंगला कुठला तळ चालतो ते विचारा, ग्रिपवॉकचा, म्हणजे चालायला सोपा असा, गोलसर तळ जुन्या साध्या बाइंडिंगवर चालत नाही.

सेकंड हँड घेऊच नका असं नाही म्हणत मी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावोगावचे स्की क्लब बाजार भरवतात, तिथेही माल लोकांचाच असतो आणि गॅरंटी नसते, पण भर उजेडात, टेबलावर, लायनर काढून बघता येतं. ऑनलाइन असेल तर भेटायच्या आधीच दोन फोटो मागा, शेलच्या आतलं तारखेचं चक्र आणि टाचेचा तळ जवळून. खरा विकणारा दोन मिनिटांत पाठवतो.

माझा मावसभाऊ पुण्याहून गुलमर्गला चाललाय, आयुष्यात पहिल्यांदा स्की करणार. तिथे बूट भाड्याने घ्यायचे, म्हणजे वयाचं घड्याळ बघत बसायला कुणाला वेळ, तरी त्याला सांगितलंय की कोथरूडच्या घरीच भिंतीला टाच लावून पाय मोजून जा, काउंटरवर सेंटिमीटरमध्ये बोल, डावा-उजवा दोन्ही बुटांवरचा मिलिमीटरचा आकडा एकच आहे ना बघ, टाचेला भेग दिसली तर दुसरा जोड माग, आणि "बडा है तो आराम रहेगा सर" असं कोणी म्हणालं की एक नंबर लहान माग. त्याने मोजून पाठवलंय, २६.८. त्याला २७ किंवा २७.५ मागायचाय, आणि तो म्हणतोय ताई, माझा बुटाचा नंबर तर ९ आहे.